कडी ऐकणाऱ्या मॅडम

मॅडमबरोबर भाजी घ्यायला जाणं ही एक शिक्षाच होती. वांगं हातात आलं की त्या ते भाजीवालीच्या नाकासमोर धरायच्या आणि विचारायच्या, "हे चांगलं आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"देख के, बाईजी."

"देख के म्हणजे काय काय देख के?"

"रंग देख लो, डंठल देख लो."

"रंग तर त्या दुसऱ्याचाही असाच आहे. ते का बाजूला टाकलं?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबायची आणि मी आपली ओळख नसल्यासारखी दुसरीकडे बघत उभी राहायचे. शेवटी भाजीवाली तराजू आपटून म्हणायची, "लेना हो तो लो, बाईजी, नी तो आगे बढ़ो." मॅडम वांगी न घेताच पुढे निघायच्या, पण चेहरा असा की जणू वर्गात पहिल्या आल्या आहेत. "बघितलंस? तिला कळतं. कसं कळतं ते मात्र तिला सांगता येत नाही. हा आपला पहिला धडा." त्या दिवशी त्यांच्या घरी पुन्हा पिठलंच व्हायचं.

हा धडा ज्या कोर्सचा होता, तो कोर्स आम्ही दोघींनी मिळून तयार करायचा होता. त्या वर्षांत इंदुरात एकेक मिल बंद पडत होती आणि एकेक कॉम्प्युटर क्लास उघडत होता. भोंगे थांबले होते, तरी मिलच्या वस्तीतली माणसं भोंग्याच्या वेळेला उठून ओट्यावर येऊन बसायची, आणि त्यांची मुलं भंवरकुआंला आमच्या क्लासच्या जिन्यावर उभी असायची. क्लास एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर होता. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत, आणि धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. नवी पोरं आत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतात की काय, अशी मला भीती वाटायची.

क्लासच्या मालकांना सगळे भिया म्हणायचे. दिल्लीच्या कुठल्याशा मासिकातली जाहिरात पाहून त्यांनी ठरवलं की आपल्याकडेही आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स पाहिजे, अगदी सुरुवातीचा, बारावीच्या पोरांना झेपेल असा. मी नुकतीच शिकून नोकरीला लागले होते. त्या विषयाचा एक पेपर मी दिला होता आणि त्यात पास झाले होते, यापलीकडे त्यातलं मला काही आठवत नव्हतं. मॅडमना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या मुलींच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायच्या. तो विषय घ्यायला मुलीच येईनात, तेव्हा कॉलेजने त्यांना ग्रंथालयात बसवलं, आणि मॅडम राजीनामा देऊन घरी आल्या. भियांनी एवढंच ऐकलं होतं की ह्या विषयाला लॉजिक लागतं.

"लॉजिकच्या मॅडम आयत्या मिळून राहिल्या, अजून काय पाहिजे?" ते मला म्हणाले. "जूनमध्ये बॅच काढायचीच. पोरं रोज विचारून राहिली. दोघी बसा अन् कोर्स बनवून टाका."

पहिल्या दिवशी मी मॅडमना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर काहीच नव्हतं. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, आजारी माणसाकडे बघावं तशा.

"ह्याला आत्ता काय माहीत आहे?"

"काही नाही, मॅडम. बंद आहे तो."

"आणि चालू केल्यावर?"

"तरी काही नाही. आपण सांगू तेवढंच."

"मग बंदच राहू दे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

आमच्या कोर्सचा पहिला अर्धा भाग कॉम्प्युटरशिवाय झाला तो असा. भियांनी कपाळाला हात लावला. पण मॅडमचं म्हणणं होतं की आधी मुलांनी स्वतः यंत्र व्हावं, मग यंत्र चालवावं. त्यासाठी त्यांनी लग्नाच्या जुन्या पत्रिका जमवल्या. इंदुरातल्या मराठी घरांतून पत्रिका फेकत नाहीत, वरच्या गणपतीमुळे ट्रंकेत ठेवून देतात; मॅडम घरोघर जाऊन त्या मागून आणायच्या. मागची कोरी बाजू लागेल तेवढी कापून त्या पट्ट्या करायच्या, आणि प्रत्येक पट्टीवर एकच नियम लिहायचा. असं असेल तर तुझ्या उजवीकडच्याला विचार, तसं असेल तर डावीकडच्याला. एकेका पोराच्या हातात एकेक पट्टी. आपली पट्टी शेजाऱ्याला दाखवायची नाही. एका टोकाला प्रश्न घालायचा, दुसऱ्या टोकाला उत्तर बाहेर पडायचं.

पण यंत्रात घालायचं ज्ञान आणायचं कुठून? माझ्या जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की एखादा तज्ज्ञ गाठावा, त्याला प्रश्न विचारून विचारून त्याचे नियम काढून घ्यावेत. पुस्तकातला तज्ज्ञ डॉक्टर होता. मी म्हटलं, आपणही ओळखीतला एखादा डॉक्टर बघू.

"नको," मॅडम म्हणाल्या. "आपला तज्ज्ञ माझ्या घरी आहे. उद्या ये."

त्यांचं बिऱ्हाड अन्नपूर्णेच्या देवळाकडे होतं, एका इमारतीच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. मी जिना चढून वर गेले, चपला काढल्या आणि कडीला हात घातला, तेवढ्यात आतून कोणा पुरुषाचा सपाट आवाज आला.

"आली गं, नवी कोणी. चप्पल चावते आहे तिला."

माझी चप्पल नवी होती आणि टाचेला फोड आला होता. मी हात तसाच धरून दाराबाहेर उभी राहिले. खरं सांगते, उलट्या पावली परत जावंसं वाटलं होतं.

आतल्या खोलीत भिंतीला टेकून मॅडमचे थोरले भाऊ बसले होते. डोळे मिटलेले, कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली. त्यांना सगळे दादा म्हणायचे. दोघंही भावंडं बिनलग्नाची. दादा मिलच्या टाइम ऑफिसात होते. फाटकातून येणाऱ्या प्रत्येक माणसाची हजेरी लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मिल बंद झाली त्या दिवशी ते घरी आले, कॉटवर बसले, आणि त्यानंतर जिना उतरलेच नाहीत. बोलणंही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. जेवायचे, आंघोळ करायचे, आणि कान जिन्याकडे लावून बसायचे. आपणहून बोलायचे ते एवढंच, जिन्यावर पाऊल वाजलं की: आला गं, दूधवाला. आल्या गं, खालच्या वहिनी. कधी चुकायचे नाहीत.

"आता बघ हं," मॅडम मला म्हणाल्या आणि भावाच्या समोर स्टूल घेऊन बसल्या. "दादा, हिची चप्पल चावते, हे तुला कसं कळलं?"

दादांचे डोळे उघडले. मग ते बोलायला लागले. डावा पाय पायरीवर पूर्ण टेकत नव्हता. वळणावर ती थांबली, पण दम लागून नाही; दम लागलेला माणूस कठड्याला धरतो, कठडा वाजला नाही. हळूहळू, एकेक शब्द, गंजलेल्या नळातून पाणी यावं तसं.

जाताना मॅडम मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मिल बंद झाल्यापासून त्याला मी शंभर प्रकारे बोलतं करून पाहिलं. कसा आहेस, काय खाशील, कशाला उत्तर नाही. हे एकच विचारलं की बोलतो. तुझ्या त्या कोर्सचे उपकार."

आमचा विषय असा ठरला: दारावर कोण आलं आहे ते सांगणारं यंत्र. आणि कोर्स का लांबतो आहे, तेही मला कळून चुकलं. नियम काढून संपले, की विचारायचं संपलं. विचारायचं संपलं, की दादा पुन्हा मुके. म्हणून मॅडम रोज नवीन माणूस शोधून काढायच्या. पोस्टमन झाला, धोबी झाला, वीजमीटरवाला झाला, चौथ्या गल्लीतली वर्षातून एकदा येणारी मावशीसुद्धा झाली. भिया मला विचारायचे, "किती लोक येऊन राहिले त्या मॅडमच्या घरी?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे.

एका दुपारी आम्ही तिघं बसलो होतो. कडी वाजली. मी ऐकली, मॅडमनी ऐकली, स्वच्छ, दोनदा. दादा म्हणाले, "कोणी नाही गं."

मॅडमनी जाऊन दार उघडलं. जिना रिकामा होता. खालचं अंगणही रिकामं. कडी मात्र हलत होती. वारा म्हणावं तर पानसुद्धा हलत नव्हतं.

"दादा, हे तुला कसं कळलं?"

दादांनी पुन्हा एकदा जिन्याकडे कान लावला. मग म्हणाले, "पाऊल नव्हतं."

त्याची पट्टी मॅडमनी केली नाही. "ह्यात नियम नाही," एवढंच म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या. ह्या घरात पुन्हा यायचं नाही असं मी रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

यंत्र तपासायला आम्ही क्लासमधली काही मुलं-मुली रविवारी सकाळी मॅडमच्या घरी न्यायला लागलो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ओळीने पोरं बसायची, प्रत्येकाच्या हातात पट्टी. एक मुलगा दाराला कान लावून बसायचा. त्याला आम्ही कानच म्हणायचो. कडी वाजली की पट्ट्या त्याला प्रश्न विचारायच्या. चपला कडीच्या आधी काढल्या की नंतर? वळणावर थांबला का? कडी आपटली की नुसती हलवली? शेवटची मुलगी उत्तर वाचायची, आणि त्याप्रमाणेच वागायचं, असा मॅडमचा दंडक. ओळखीचं असेल तर दार उघडायचं. कुठलीच पट्टी लागू पडली नाही तर उत्तर निघायचं: अनोळखी, दार उघडू नये. त्या दिवसांत साबण, शांपू, पाणी गाळायची यंत्रं घेऊन दारोदार फिरणाऱ्या सेल्समनचा सुळसुळाट झाला होता, त्यामुळे हा नियम इमारतीतल्या सगळ्या बायकांना पसंत पडला.

आणखी एक दंडक होता. आतून कोणी "कोण आहे?" असं विचारायचं नाही. विचारलं तर मग यंत्राचं काम काय? खालच्या वहिनी एकदा चिडून ओरडल्या, "अहो, मी आहे, मी! वाटी परत द्यायला आलेय!" मॅडम आमच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आवाज धरायचा नाही हं. पट्ट्या काय म्हणतात?" पट्ट्यांनी सगळे प्रश्न विचारून होईपर्यंत वहिनी वाटी घेऊन उन्हात उभ्या होत्या. आम्ही हसून हसून लोळलो.

पण पहिल्या खेपेला दूधवाला बरोबर ओळखला गेला, तेव्हा कोणी हसलं नव्हतं. मॅडमनी पट्ट्या दादांच्याच शब्दांत लिहिल्या होत्या, म्हणून शेवटच्या मुलीने वाचलं, "आला गं, दूधवाला." दार उघडलं, तर दूधवाला. ह्या पोरांनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

मॅडम पहिल्या मुलापाशी गेल्या. "दूधवाला आहे, हे तुला माहीत होतं?"

"नाही, मॅडम. मी फक्त चपलांचं विचारलं."

"तुला?"

"नाही."

"तुला?"

असं करत त्या ओळीच्या टोकापर्यंत गेल्या. शेवटची मुलगी म्हणाली, "मी नुसतं वाचलं, मॅडम."

"मग कळलं कुणाला?" मॅडमनी विचारलं.

एकीने पाय सतरंजीवर आखडून घेतले, जणू जमिनीतच कोणी आहे. पुढे ह्या विषयावर मी पुष्कळ काही वाचलं, नामवंतांची व्याख्यानंही ऐकली, पण हा प्रश्न इतका उघडा मला पुन्हा कोणी विचारला नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून दादांचा हसण्याचा आवाज आला. मॅडमनी तोंडाला पदर लावला. भाऊ हसला होता.

अडचण वेगळीच होऊन बसली. दादा आता खुशीत असायचे, आणि पट्ट्यांचं चालू असतानाच आतून उत्तर सांगून मोकळे व्हायचे. पोरं पट्ट्या सोडून त्यांचं ऐकायची. अशी तपासणी मॅडमना कशी चालणार? पुढच्या रविवारी त्या दादांना म्हणाल्या, "दादा, आज जरा खाली फिरून ये. आमची परीक्षा आहे."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले, मिलमध्ये घालायचे तो पांढरा शर्ट चढवला, केस विंचरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून प्रश्न विचारला. "परत कधी येऊ?"

"झालं की ये रे," मॅडम म्हणाल्या. त्या पट्ट्या वाटत होत्या.

दादा जिना उतरले. पोरं गप्प राहून ऐकत होती. ज्यांच्या कानांवर आमचं सगळं यंत्र उभं होतं, त्यांचं पाऊल आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

त्या सकाळी यंत्र उत्तम चाललं. पेपरवाला आला, वहिनी आल्या, दोन्ही उत्तरं बरोबर. मॅडमचा चेहरा फुलला होता. मग बऱ्याच वेळाने पुन्हा जिना वाजला. कोणीतरी सावकाश चढत होतं. वळणावर थांबलं. पुन्हा चढलं. चपला काढल्या नाहीत. कडी एकदा वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग कोणी ती नुसती उचलली आणि आवाज न करता पुन्हा खाली सोडली, असं कान म्हणाला.

पट्ट्यांनी एकेक प्रश्न विचारला. शेवटच्या मुलीने वाचलं, "अनोळखी. दार उघडू नये."

मी अर्धवट उठले. "मॅडम, बघू या का?"

"बस," त्या म्हणाल्या. "यंत्राला विचारायचं आणि मग आपल्याच मनाचं करायचं, तर यंत्र कशाला?"

आम्ही बसून राहिलो. दाराच्या पलीकडेही कोणी हललं नाही. आतून कोणी विचारलं नाही, बाहेरून कोणी बोललं नाही. दाराखालच्या फटीत सावली दिसत होती. मग सावली सरकली आणि पावलं खाली गेली.

"असेल कोणी साबणवाला," मॅडम म्हणाल्या आणि पोहे करायला उठल्या. सगळ्यांना बशा दिल्या, दादांची बशी झाकून ठेवली. पोरं शेव मागत होती, दंगा चालला होता. कान झालेला मुलगा मात्र बशी हातात घेऊन तसाच बसला होता.

"खा ना रे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, सकाळी दादाजी उतरले ना," तो म्हणाला, "आत्ता तो माणूस तसाच उतरला. अगदी सेम."

आमच्या सगळ्या पट्ट्या जिना चढणाऱ्या माणसांच्या होत्या. उतरणाऱ्याची एकही नव्हती. आणि दादांची तर कुठलीच नव्हती. ज्याने सगळ्यांचं पाऊल सांगितलं, त्याला स्वतःचं कुठून ऐकू येणार? मॅडमनाही ते माहीत नव्हतं. मिलच्या दिवसांत दादा यायच्या वेळेला त्या दार उघडं ठेवायच्या, चहा उकळत असायचा. आपल्या घराची कडी वाजवायची वेळ दादांवर कधी आलीच नव्हती. आणि आपणहून "मी आहे" म्हणायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. कोणी विचारलं तरच ते बोलत, आणि विचारायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं.

मॅडम अनवाणी जिना उतरल्या. आम्ही मागे. गल्लीत कोणी नव्हतं, अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत कोणी नव्हतं.

मिलच्या फाटकावर अजूनही चौकीदार होता. तो म्हणाला, "सुबह आए थे बाबूजी. टाइम ऑफिस की खिड़की के पास खड़े रहे. मैंने पूछा, कैसे आए, तो बोले, बस, घर जा रहा हूँ." म्हणजे ते तिथून घरीच यायला निघाले होते. पुढे सरवट्याच्या बसस्टँडवर कोणी सांगितलं, पांढरा शर्ट घातलेला असा एक माणूस सांवेरच्या बसमध्ये बसला. सांवेरला त्यांचं कोणी नव्हतं. आम्ही तिथेही जाऊन आलो. पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला. दादा मिळाले नाहीत, ना जिवंत, ना दुसरं काही.

मला मॅडमचा राग आला होता. इतका की मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. वाटलं होतं, आता त्या पट्ट्या जाळून टाकतील, क्लासला येणार नाहीत. पण चार दिवसांनी त्या आल्या, डोळे सुजलेले, हातात तीच पिशवी. त्यांनी त्या रविवारच्या सगळ्या पोरांना जमवलं आणि प्रत्येकाला विचारलं, कडी कशी वाजली? वळणावर किती थांबला? सांगताना एक मुलगी रडायला लागली, तिच्या पाठीवरून हात फिरवत मॅडम लिहीत राहिल्या. नव्या पट्ट्या तयार झाल्या. दादा यंत्रात आले.

जूनमध्ये कोर्स सुरू झाला. वर्गाच्या दाराला मॅडमनी सुताराकडून एक कडी बसवून घेतली, घरच्यासारखी, आणि दार लोटून ठेवायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात शिकवणं चालू असताना ती वाजली. एकदा. मग थांबून, नुसती हलली. नव्या पोरांनी भराभर पट्ट्या चालवल्या. ती खेळात रंगली होती. दादा कोण, हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. शेवटच्या मुलाने खणखणीत आवाजात वाचलं, "आला गं, दादा."

मॅडमच्या हातातला खडू पडला. दारापर्यंत त्या कशा गेल्या ते मी बघू शकले नाही. दार उघडलं, तर एक पोक्त माणूस उभा होता, हातात अगरबत्तीच्या पुड्यांची पिशवी. "माफ करना, बहनजी. मिल में था पहले," एवढं बोलून तो खाली बघायला लागला.

त्याला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. कुठल्या मिलमध्ये होता, कुठल्या खात्यात, विचारलं. वर्ग तसाच बसून होता.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. पापड विकणारा, पोराच्या प्रवेशाचं विचारायला आलेला बाप, चौकीदाराची जागा आहे का म्हणून आलेला कोणी. ज्यांना आयुष्यात कधी कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नव्हतं, अशी माणसं त्या वर्षी इंदुरात दारोदार फिरत होती, आणि ती सगळी एकाच तऱ्हेने कडी वाजवत होती. एकदा वाजवायची, मग हात गळायचा. दर वेळी वर्गातून कोणीतरी वाचायचं, आला गं, दादा. दर वेळी मॅडम उठायच्या. मला त्या वर्गात बसवेना. पोरं वाचायची तो आवाज दिवसेंदिवस सपाट होत चालला होता, दादांच्या आवाजासारखा, आणि हा मला झालेला भास नव्हता, कारण भियांनीही एकदा दारातून ऐकलं आणि ते आल्या पावली परत गेले.

शेवटी मीच धीर केला. "मॅडम, ती पट्टी काढू या. चुकीची आहे ती. सगळ्यांनाच लागू पडते."

"लागू पडते, मग चुकीची कशी?"

"दादा नसतात ना, मॅडम. एकदाही नसतात."

"आणि एकदा असले तर?" त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी यंत्राने नाही म्हटलं, तेव्हा तो होता. आता हो म्हणतं आणि तो नसतो. दोन्ही चुकाच आहेत गं. पण ही चूक मला परवडते."

अभ्यासक्रमात ती पट्टी राहिली. छापील पुस्तिकेत मॅडमनी शेवटी एक ओळ घातली, ती भियांनी न वाचताच मंजूर केली: यंत्राला ठाऊक नसेल, तर उठावं आणि विचारावं, कोण आहे.

पुढे मला पुण्याला नोकरी लागली. क्लासनेही काही वर्षांनी हा कोर्स बंद करून टॅली शिकवायला सुरुवात केली. पुण्यात मी ज्या कामावर होते, तिथे आम्हीही यंत्राला माणसं ओळखायलाच शिकवत होतो, आणि मीटिंगमध्ये कोणी नुसते अचूकतेचे टक्के सांगितले की मला ती फटीतली सावली दिसायची. मॅडमना पत्र लिहायचं राहून जायचं. मग एकदा एका लग्नासाठी इंदूरला गेले, तेव्हा ठरवून एका सकाळी अन्नपूर्णेकडे वळले. त्या असतील की नाही, असल्या तर ओळखतील की नाही, काही माहीत नव्हतं.

लोखंडी जिना तसाच होता. वळणावर माझा पाय थांबला. एवढ्या वर्षांनी आपण कोणत्या तोंडाने आलो, असं वाटलं. मग वर गेले. दार लोटलेलं होतं, ढकललं असतं तर उघडलं असतं, पण मी कडी वाजवली. एकदा. दुसऱ्यांदा वाजवायला उचलली आणि मला धीरच होईना. मी ती हळूच सोडून दिली.

आतून धावत येणारी पावलं ऐकू आली. मॅडम तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेल्या असणार, पण ती पावलं म्हाताऱ्या बाईची नव्हती, एखाद्या लहान मुलीची असावीत इतकी भरभर येत होती.

"कोण आहे?" त्या ओरडल्या. "थांब हं, थांब, जाऊ नको! कोण आहे?"

दार उघडलं. मॅडम धापा टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी आहे, मॅडम."

"हो गं, ओळखलं ना," त्या म्हणाल्या. पण बघत होत्या माझ्या खांद्यावरून, जिन्याच्या वळणाकडे. मी बाजूला सरले, त्यांना नीट दिसावं म्हणून.